पापणी उलटून बघा : भोर-वेल्ह्यातून दिसणारा कुत्र्याच्या रक्ताचा इतिहास

मावळच्या इतिहासावर बोलताना आपण गड पाहतो, घाटवाटा पाहतो, देशमुखांच्या वतनाची भांडणं पाहतो. आज आम्ही कुत्र्याच्या रक्ताबद्दल बोलणार आहोत. विषय जाहीर केल्यावर काही जण हसले. "हा काय इतिहासाचा विषय झाला?" असं एका ज्येष्ठांनी विचारलंसुद्धा. शेवटपर्यंत ऐका, मग तुम्हीच ठरवा.

सुरुवात घरापासून करतो, कारण या विषयाकडे आम्ही ग्रंथालयातून आलो नाही, घरातून आलो. आमच्या गुंजण मावळातल्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. वय अकरा. अंगानं चांगला भरलेला. येणारा-जाणारा म्हणायचा, "खाऊन-पिऊन सुखी दिसतोय." एका पावसाळ्यात तो मंदावला. पायरी चढताना थांबायला लागला, दिवसभर पडून राहायला लागला. आम्ही म्हणालो, म्हातारा झाला, त्यात जाड, दमणारच. असे दोन महिने गेले. मग डोंगरावरच्या धनगरवाड्यातले एक आजोबा घरी आले होते, त्यांनी काही न विचारता मोत्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली आणि म्हणाले, "ह्याच्यात रगतच न्हाई. शेरडाची पापणी उलटून बघताय, मग ह्याची का न्हाई बघितली?" दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. गोचिडाच्या तापानं ते पार उतरलं होतं. औषध सुरू झालं, पण उशीर झाला होता. मोत्या गेला.

यात चूक कुणाची? सर्वस्वी आमची. आम्ही दोन शब्दांवर विसंबलो, "म्हातारा" आणि "जाड". हे दोन शब्द एकदा चिकटले की त्यापुढे कुणी बघत नाही. आजचं व्याख्यान त्या दोन शब्दांच्या मागे काय काय दडतं, आणि ते शोधायला माणसाला किती शतकं लागली, याबद्दल आहे.

आधी आपला मुलूख. भोर आणि वेल्हे, म्हणजे जुन्या भाषेत हिरडस मावळ, रोहिड खोरं, वेळवंड खोरं, गुंजण मावळ, कानद खोरं. वेल्हे तालुक्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणतात, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. दादोजी कोंडदेवांच्या काळात या भागात लांडग्यांचा उपद्रव इतका होता की लांडगे मारणाऱ्याला इनाम देऊन मुलूख लागवडीला आणला, असं जुन्या लिखाणात येतं. जिथे लांडगा, तिथे राखणीला कुत्रा. आजही तोरण्याच्या पायथ्याला बिबट्याच्या भीतीनं गोठ्याशी कुत्रं बांधतात. बिबट्या आधी कुत्रंच उचलतो, हेही सगळ्यांना माहीत असतं.

मान म्हणाल तर कुत्र्याला आपल्याकडे आहेच. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे, त्यांना चार वेद म्हणतात. जेजुरीच्या खंडोबाबरोबर कुत्रा, आणि त्याचे भक्त स्वतःला वाघ्या म्हणवून घेतात. पण मान वेगळा आणि औषध वेगळं. घोड्यांच्या वैद्यकासाठी शालिहोत्र, हत्तींसाठी पालकाप्य ही नावं आपण ऐकलेली असतात. कुत्र्याच्या वैद्याचं नाव पटकन कुणाला सांगता येईल? घोडा लढाईला लागतो, बैल नांगराला लागतो. कुत्रं मेलं तर दुसरं येतं. हा हिशेब फार जुना आहे.

आता एक साल लक्षात घ्या, १६६५. त्या वर्षी मिर्झाराजे जयसिंगांनी पुरंदरला वेढा घातला होता आणि मोगली फौजा रोहिड्याच्या आसपासची गावं जाळत होत्या. जूनमध्ये तह झाला, २३ किल्ले गेले, १२ राहिले. राहिलेल्यांत आपले राजगड आणि तोरणा होते. त्याच साली तिकडे इंग्लंडात ऑक्सफर्डला रिचर्ड लोअर नावाचा वैद्य एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्या कुत्र्यात घालत होता. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं रक्त त्यानं इतकं काढलं की ते मरणाच्या दारात गेलं. मग मोठ्या कुत्र्याची धमनी आणि या कुत्र्याची शीर नळ्यांनी जोडली. कुत्रं उठून उभं राहिलं. रक्त शरीरात फिरतं, हे विल्यम हार्वीनं १६२८ साली छापून सांगितलं होतं. लोअरनं दाखवलं की एकाचं रक्त दुसऱ्याला जगवू शकतं.

गंमत अशी, की हा प्रयोग यशस्वी झाला तो कुत्र्यावर केला म्हणून. माणसात दुसऱ्या गटाच्या रक्ताविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतर आपोआप तयार होतात, त्यामुळे चुकीचं रक्त पहिल्याच वेळी घात करतं. कुत्र्यात मुख्य रक्तगटाविरुद्ध तशी प्रतिपिंडं आधीपासून नसतात. म्हणून पहिल्या वेळचं रक्त बहुधा पचतं, धोका असतो तो दुसऱ्या वेळी. लोअरला हे माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. १६६७ साली पॅरिसमध्ये झाँ-बातिस्त दनी यानं कोकराचं रक्त माणसाला दिलं, पुढे एक रोगी दगावला, खटला झाला आणि रक्त देण्याचा विषयच बंद पडला. माणसाचे रक्तगट कळायला १९०१ साल उजाडलं. कुत्र्यांचेही रक्तगट असतात हे फोन डुंगर्न आणि हिर्शफेल्ड यांनी त्यानंतर दहाएक वर्षांत दाखवलं.

म्हणजे बघा, कुत्र्याच्या रक्तावर माणूस शिकला. आणि कुत्र्याला त्याचा उपयोग? तो फार उशिरा.

आता गोचिडाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहायची पद्धत बसली. १८८८ मध्ये रुमानियाच्या व्हिक्टर बाबेश यांनी गुरांच्या तांबड्या पेशीत एक जीव पाहिला, त्यांच्याच नावावरून त्याला बाबेसिया म्हणतात. १८९३ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी सिद्ध केलं की गुरांचा हा ताप गोचीड पसरवतो. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासात हिवतापाचा जंतू दिसला तो १८९७ साली, म्हणजे चार वर्षांनी. कीटकवर्गी जीव रोग पसरवतो हे पहिल्यांदा पक्कं झालं ते गोचिडावर. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लाउन्सबरी यांनी कुत्र्यांच्या बाबतीतही तेच दाखवलं.

आणि १९१० मध्ये हा इतिहास आपल्या देशात येतो. मद्रासच्या साहेबांनी शिकारीसाठी हाउंड जातीचे कुत्रे पाळले होते. ते आजारी पडत, फिके पडत, मरत. पॅटन नावाच्या डॉक्टरनं त्यांच्या रक्तात एक लहानसा, नवा बाबेसिया शोधला. त्याला आज बाबेसिया गिब्सोनी म्हणतात. पुढे त्याला तोच जीव कोल्ह्याच्या रक्तातही सापडला.

इथे आपण जरा थांबू. तपासणी झाली ती साहेबाच्या हाउंडची, कारण तो किमती होता, समुद्रापलीकडून आणलेला होता. गावातल्या कुत्र्याचं रक्त तपासायचं कुणाच्या मनात आलं नाही. पण जंतू कोल्ह्यात सापडला, याचा अर्थ तो बोटीतून आलेला नव्हता. तो इथल्याच रानातला होता. आपल्या धनगरवाड्यावरची कुत्री त्या रानात कोल्ह्यांच्याच वाटेवर फिरत होती. त्यांचं काय होत असेल? ती गळायची, बाजूला जाऊन पडायची आणि मरायची. लोक म्हणायचे, "वय झालं होतं." त्या मरणाची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. भोर संस्थानची कागदपत्रं चाळताना घोड्याची पागा भेटते, बैल भेटतो. हे कुत्रं भेटत नाही.

दुसरा एक जंतू आहे, एर्लिकिया. हा पांढऱ्या पेशीत राहतो. १९३५ मध्ये अल्जीरियात दोनातियाँ आणि लेस्तोकार या फ्रेंच संशोधकांनी त्याचं वर्णन केलं. त्याकडे जगाचं लक्ष गेलं ते व्हिएतनामच्या युद्धात. १९६८च्या सुमारास अमेरिकी सैन्याचे जर्मन शेफर्ड कुत्रे नाकातून रक्त येऊन मरायला लागले, शंभराहून अधिक गेले. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या, पांढऱ्या आणि बिंबिका अशा तिन्ही पेशी उतरलेल्या असत. पुन्हा तेच. किमती कुत्रं मेलं तेव्हा शोध लागला.

या एर्लिकियाची एक खोड आपल्या विषयाला फार महत्त्वाची आहे. गोचीड चावल्यावर ताप येतो, उतरतो, कुत्रं बरं दिसतं. जंतू मात्र आत दबा धरून राहू शकतो, महिनेच काय, वर्षंसुद्धा. पुढे कधीतरी हाडांच्या मगजावर, जिथे रक्त तयार होतं तिथे, घाला पडतो. तरुणपणी चावलेल्या गोचिडाचा हिशेब असा म्हातारपणी चुकता होतो. कुत्रं दहा वर्षांचं झालेलं असतं. आपण म्हणतो, वय झालं.

आता जाडीकडे वळू. आमच्या लहानपणी भोर-वेल्ह्यात जाड कुत्रं दिसायचं नाही. त्याला मिळायचं काय? नाचणीच्या भाकरीचा तुकडा, भाताची पेज, ताक, सणाला हाडूक. आणि दिवसभर गुरांमागे डोंगर. आज भाटघरच्या पाण्याकाठी, पानशेतच्या रस्त्याला, गुंजवणीच्या खोऱ्यात फार्महाउस उभी राहिली. पुण्याहून लॅब्रॅडोर आले. गावची कुत्रीही हॉटेलांच्या मागे जमायला लागली. बिस्किट, टोस्ट, चिकनचा उरलेला रस्सा. कुत्रं साखळीला, चालणं बंद. प्रेम आहे हो, खोटं नाही. पण ते प्रेम वजनात दिसतं.

आहाराचा आणि कुत्र्याच्या रक्ताचा संबंध जगाला कसा कळला, ती गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज व्हिपल आणि त्यांच्या सहकारी फ्रीडा रॉबशाइट-रॉबिन्स यांनी कुत्र्यांचं रक्त काढून काढून त्यांना पंडुरोगी ठेवलं आणि वेगवेगळं अन्न घालून पाहिलं. कशानं रक्त लवकर भरतं? उत्तर आलं, यकृतानं, म्हणजे आपल्या कलेजीनं. त्या धाग्यावरून मायनट आणि मर्फी यांनी १९२६ मध्ये माणसाच्या घातक पंडुरोगावर यकृताचा आहार दिला आणि माणसं वाचली. १९३४ मध्ये व्हिपल, मायनट, मर्फी तिघांना नोबेल मिळालं. फ्रीडाबाईंना नाही. कुत्र्यांना तर नाहीच. माणसातल्या आणि कुत्र्यातल्या दोघांच्या रक्तक्षयाची कारणं एक नव्हती, हे नंतर कळलं. पण दार उघडलं ते कुत्र्यांनी.

१९३० मध्ये सेब्रेल या अमेरिकी डॉक्टरनं आणखी एक गोष्ट छापली. कुत्र्याला कांदा खाऊ घातला की पंडुरोग होतो. कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून मसाल्यात घातलेला असो, परिणाम तोच. आता आपल्या घरातला रस्सा आठवा. कांदा-लसूण मसाल्याशिवाय तो होतो का? आपण मोठ्या मायेनं त्यात भाकरी कुस्करून कुत्र्यापुढे ठेवतो. एक दिवसानं काही होत नसेल, पण रोजचं झालं की रक्ताला ते लागतं. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी छापलेली ही गोष्ट आमच्या आळीत आजही पोचलेली नाही.

लठ्ठपणाचं नेमकं माप घ्यायला विसावं शतक सरावं लागलं. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर पिल्लं घेतली, त्यांच्या जोड्या लावल्या. एकाला जितकं, त्याच्या जोडीदाराला त्याच्या पाऊण हिश्शाइतकंच. जन्मभर. हे काम १४ वर्षं चाललं आणि २००२ मध्ये निकाल छापून आला. भरपूर खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षं, बेतानं खाणाऱ्यांचं १३ वर्षं. रक्तातली चरबी, साखर, इन्शुलिन, सगळं बेताच्या गटात कमी. सांध्यांचं दुखणंही उशिरा. पावणेदोन वर्षं जास्त, आणि त्यासाठी औषध काय? पातेल्यातला चौथा हिस्सा कमी.

आता यातला बारकावा सांगतो, कारण मोत्यासारखी गफलत इथेच होते. जाड कुत्र्याच्या रक्तात चरबी जास्त असली की नळीतला रक्तरस दुधासारखा पांढुरका दिसतो. हिमोग्लोबिन मोजायचं यंत्र प्रकाश किती अडतो यावर चालतं. चरबीनंही प्रकाश अडतो. मग आकडा खऱ्यापेक्षा वर दिसतो. म्हणजे अंगात रक्त कमी, आणि कागदावर ठीक! म्हणून शक्य असेल तेव्हा रक्त उपाशीपोटी, साधारण बारा तासांनी घेतात, आणि नळी फिरवून तांबड्या पेशींचा थर किती बसतो तेही पाहतात. निरोगी कुत्र्यात तो थर साधारण ३७ ते ५५ टक्के असतो.

थायरॉइड मंदावली तरी कुत्रं जाड होतं, सुस्त होतं, रक्तात चरबी वाढते आणि थोडं रक्तही कमी होतं. मूत्रपिंड थकलं तर रक्त बनवायचा निरोप मगजाला पोचत नाही, कारण तो निरोप देणारं संप्रेरक मूत्रपिंडातच तयार होतं. प्लीहेत गाठ असली तर ती आतल्या आत फुटून रक्तस्राव होतो, आणि कुत्रं एकाएकी पांढरं पडतं. ही सगळी म्हातारपणी येणारी दुखणी आहेत, पण म्हातारपण नव्हे. नुसतं वय वाढलं म्हणून निरोगी कुत्र्याचं रक्त अर्ध्यावर येत नाही. रक्त उतरलंय म्हणजे मागे काहीतरी कारण आहे, आणि कारण असेल तर बऱ्याचदा उपायही असतो. गोचिडाच्या एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन आहे, थायरॉइडला गोळी आहे. बाबेसिया गिब्सोनी चिवट आहे, पण लवकर सापडला तर झुंज देता येते.

आपल्याकडे सोय कशी झाली तेही दोन वाक्यांत. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं, दिनशा माणेकजी पेटीट यांच्या प्राण्यांच्या दवाखान्याच्या आधारानं. भोरच्या माणसाला परळ म्हणजे दुसरं जग. १९८८ मध्ये नीरेच्या पलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय झालं आणि सूक्ष्मदर्शक जवळ आला. जवळ आला, पण वेल्ह्याच्या वरच्या वाड्यावरून शिरवळ गाठायचं तर दिवस जातो. रोजगार बुडवून कुत्र्यासाठी कोण जाणार? आम्ही या लोकांना नावं ठेवत नाही. आम्ही तर रस्त्याला लागून राहत होतो, गाडी दारात होती, तरी दोन महिने गेलो नाही.

म्हणून जे दारात बसून करता येतं तेवढं सांगतो. हिरडी बघा. ती गुलाबी हवी. बोटानं दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी काळी असेल तर पापणी बघा. मग बरगडी. हात पसरून तळहाताच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, कुत्र्याची बरगडी हाताला तशी लागली पाहिजे. मुठीच्या गाठींसारखी लागली तर रोड, तळहातासारखी गादी लागली तर जाड. लघवी लाल-तपकिरी झाली, नाकातून रक्त आलं, तर उद्यावर टाकू नका. गोचीड अंगावरून काढून भागत नाही, तो भिंतीच्या भेगेत, दगडाच्या सांदीत अंडी घालतो, तिथेही बघा. आणि माणसाची तापाची पॅरासिटामॉल कुत्र्याला मनानं देऊ नका, ती त्याच्या रक्ताला आणि यकृताला घातक ठरते. वजन उतरवायचं तर हळूहळू, डॉक्टरला विचारून. एकदम उपास नको.

त्या आजोबांना आम्ही नंतर विचारलं, पापणी बघायला कुणी शिकवलं? म्हणाले, "बापानं. शेरडाची." त्यांनी ना हार्वी ऐकला होता, ना व्हिपल. पण डोळ्याच्या कडेला रक्त दिसतं, एवढं त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. जगात रक्ताबद्दलचं ज्ञान कुत्र्यांच्या जिवावर वाढलं आणि आमच्यासारख्या शिकलेल्या घरात ते कुत्र्यापर्यंत पोचलं नाही. ज्यांना काही शिकवलं नाही असं आपण समजतो, त्यांच्या अंगठ्यात ते होतं.

सुरुवातीला ज्येष्ठांनी विचारलं होतं, हा इतिहासाचा विषय आहे का. आम्हाला वाटतं, आहे. कुणाचं मरण नोंदवलं जातं आणि कुणाचं "वय झालं" म्हणून मिटवलं जातं, हे बघणं इतिहासाचंच काम आहे.

आज इथे थांबतो. घरी गेल्यावर एवढंच करा, दारात जे म्हातारं, गुबगुबीत कुत्रं पडलेलं असेल, त्याच्याजवळ बसा आणि त्याची पापणी उलटून बघा.